टेंपरवारी

बारा वर्षं राबणाऱ्या माणसाला ‘तात्पुरता’ म्हणताना या कंपनीवाल्यांना लाज कशी वाटत नाही? चाकणच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा आणि बसल्या बसल्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड खिशात कोंबायचा. एकदा कारण विचारलंच.

“टेंपरवारी हाय ना, सर. सात महिने झाले की ब्रेक देत्यात, मग पुन्हा नवं कार्ड. बारा वर्सं झाली.”

मी पडलो इंग्रजीचा मास्तर. म्हटलं, “टेंपरवारी नाही, टेम्पररी. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे वेळ.”

त्यानं ‘टेम्पररी’ छापलेलं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

“मग बराबर लिवलंय की! आमचा समदा येळ ह्यातच गेला.”

आणि मी त्याचा उच्चार सुधारत बसलो होतो!