मामा की काका?

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बाई अठरा वर्षं बसत होत्या. गाडी किती वाजता, असं कुणी विचारलं की आधी त्याच विचारायच्या, "कुणाकडे निघालात?" या भोचकपणावरून सासूबाई घरी टोमणे मारायच्या. "सूनबाई, नसत्या चौकशा करून तुला मिळतं काय?"

मग सरकारने स्थानकावरच्या कर्मचाऱ्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. आमिष दाखवून मुलांना कामाला जुंपणारी माणसं कशी ओळखायची, हेल्पलाइनला कधी कळवायचं, हे बाल संरक्षण अधिकारी मॅडमनी समजावलं. "संशय आला तर सहज गप्पा मारा," त्या म्हणाल्या. बाई खूश! जन्माच्या खोडीला सरकारी शिक्का मिळाला.

पंधरवडाही उलटला नसेल, एका दुपारी एक माणूस दोन मुलींना घेऊन खिडकीशी आला. थोरली बाराएक वर्षांची, धाकटी सातेक. पायात नव्याकोऱ्या चपला, पण सामान म्हणून एक पिशवीही नाही.

"भाच्या आहेत. शाळेत घालायला नेतोय," तो न विचारताच म्हणाला.

"वा, हौशी मामा हं!" बाई धाकटीकडे वळल्या. "मामाने खाऊ काय घेतला गं?"

"मामा नाही, काका आहेत. कालच आले आमच्याकडे."

थोरलीने तिला चिमटा काढला. माणसाचा चेहरा उतरला. बाईंनी आवाज मात्र गोडच ठेवला.

"गाडीला अजून अर्धा तास आहे. बसा निवांत."

गाडी पाच मिनिटांत लागणार होती! बाईंनी आत वळून हेल्पलाइनला फोन लावला आणि एका बोलघेवड्या कंडक्टरला त्या माणसाशेजारी बसवलं. या कंडक्टरच्या तावडीतून सुटणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. अधिकारी मॅडम पोलिसांना घेऊन पोचल्या, तेव्हा गाडी निघूनही गेली होती आणि कंडक्टर बोलतच होता.

तो माणूस मुलींना शिवणकामाच्या कारखान्यात राबवायला नेत होता. आईवडिलांना मात्र त्याने शाळेची थाप मारली होती. बालकल्याण समितीने घरची चौकशी करून चौथ्या दिवशी मुली वडिलांच्या ताब्यात दिल्या. गावच्या शाळेत त्यांची नावं घालायची जबाबदारी मॅडमनी घेतली.

परतीच्या गाडीआधी तिघं खिडकीशी आली. वडिलांनी हात जोडले. धाकटीचं लक्ष मात्र गाड्यांची घोषणा करायच्या माइककडे.

"मावशी, मी बोलू?"

बाईंनी तिला स्टुलावर उभं केलं. क्षणात सगळ्या फलाटांवर आवाज घुमला,

"आमची गाडी आली! बाबा, ताई, पळा!"