वरच्या फळीवरचे उंदीर

माझी वहिनी डोळ्याच्या पडद्याच्या रोगांवर संशोधन करते. माझ्या मुलांना त्यातले फक्त उंदीर कळतात, म्हणून ती त्यांची उंदीरमामी. लग्न होऊन घरात आली तेव्हा आईने विचारलं होतं, "दिवसभर उंदरांच्या डोळ्यांत बघतेस तरी काय गं?"

"त्यांना काय दिसत नाही ते," वहिनी म्हणाली. आई हसून हसून बेजार.

काही माणसांची नजर ऐन तिशीत कडेकडेने विझत जाते, कारण पडद्यातल्या उजेड टिपणाऱ्या पेशी मरतात. त्या का मरतात, हे वहिनीला शोधायचं होतं. तिचा एका जनुकावर संशय होता. ते जनुक काढून टाकलेले उंदीर तिने वाढवले आणि ते दोन महिन्यांत आंधळे झाले. तुलनेसाठी बाहेरून विकत आणलेल्या उंदरांचे डोळे मात्र ठणठणीत राहिले. नऊ वर्षं या कामात गेली. लेख गाजला, आणि दोन प्रयोगशाळा त्याच्या भरवशावर औषध शोधायला लागल्या.

उंदरांच्या खोलीत पिंजरे धुणाऱ्या मावशी निवृत्तीला आल्या होत्या. एका सकाळी हातमोजे काढता काढता त्या म्हणाल्या, "बाई, वरच्या फळीवरचे पण आंधळेच आहेत हो."

"छे हो मावशी. त्यांचं जनुक शाबूत आहे."

"असेल. पण पिंजऱ्यावरून हात नेला की विकतचे उंदीर पळतात. हे ढिम्म हलत नाहीत."

वरच्या फळीवर त्याच घराण्यातली, जनुक शाबूत असलेली भावंडं होती. प्रयोगाला ती लागत नसत, त्यामुळे त्यांचे डोळे कधी कुणी तपासलेच नव्हते. वहिनीने पिंजऱ्यावरून हात नेला. एकही दचकला नाही.

तिने त्यांचा डीएनए तपासला. मग फ्रीजरमधले अगदी पहिल्या उंदरांचे नमुने काढले. तीनदा करूनही उत्तर तेच आलं. घराण्याच्या मूळ जोडीतच दुसरा एक दोष होता, आणि उंदीर त्याने आंधळे होत होते. तिने जिन्यातून मला फोन केला. "अगं, ते जनुक निर्दोष आहे." आवाज असा, की मला वाटलं कुणीतरी गेलं.

घरी येऊन तिने इस्त्री लावली आणि कपाटातले घडी केलेले सगळे कपडे पुन्हा इस्त्री केले, मोजेसुद्धा. दादा दारात उभा राहून बघत होता.

दुसऱ्या दिवशी ती विभागाच्या सरांकडे गेली. त्यांनी निकाल पाहिले, चष्मा पुसला आणि विचारलं, "कुणाकुणाला माहीत आहे?"

"मावशींना."

"त्या पुढच्या महिन्यात जातायत ना?"

वहिनीला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. याच माणसाने तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, निकाल आवडो न आवडो, वहीत आहे तसा लिहायचा.

"सर, मी लेख मागे घ्यायचं पत्र लिहितेय."

"त्याच्यावर माझंही नाव आहे."

"म्हणून तर आधी तुमच्याकडे आले."

लेख मागे घेतला गेला. सर तिच्याशी बोलायचे थांबले. आम्हाला वाटलं, व्हायचं ते होऊन गेलं. महिन्याभराने एका अनोळखी बाईंचं पत्र आलं. वहिनी मोठ्याने वाचायला लागली आणि मधेच थांबली. पुढचं मी वाचलं.

"मीही याच जनुकावर काम करत होते. माझे उंदीर आंधळे होत नव्हते. तुमचा लेख आला आणि माझ्या मार्गदर्शक म्हणाल्या, दोष तुझ्या हातात आहे. चार वर्षांचं काम टाकून मी बाहेर पडले. आता चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. राग म्हणून लिहीत नाहीये. फक्त विचारायचं होतं, माझं बरोबर होतं ना?"

स्वतःची नऊ वर्षं गेली तेव्हा वहिनी रडली नव्हती, आता रडत होती. "मी हिला घालवलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

संध्याकाळी तिने फोन लावला. "तुमचं बरोबर होतं. तुमच्या वह्या आहेत का अजून?"

पलीकडून उत्तर आलं, "माळ्यावर असतील."

एक खोका भरून वह्या आल्या. वहिनीने आठ महिने त्या ओळ न् ओळ तपासल्या, निर्दोष घराण्याचे उंदीर आणून तेच प्रयोग पुन्हा केले आणि बाईंना लिहायला बसवलं. लेख छापून आला त्यावर पहिलं नाव बाईंचं. परत संशोधनात याल का, असं वहिनीने दोनदा विचारलं. त्या नाही म्हणाल्या. दुकानात बरं चाललंय, आणि पुन्हा कुणाच्या हाताखाली जायची हिंमत नाही.

विभागातली वहिनीची खोली सरांनी आता तळमजल्यावर हलवली आहे. ती दुसऱ्या एका जनुकावर काम करते. रोगाचं कारण अजून सापडलेलं नाही.