हातावरचा कापूर

देवी माझ्यावर प्रसन्न झाली असं सगळं गाव म्हणू लागलं, तेव्हा खरं सांगते, मला आनंदापेक्षा गोंधळच जास्त वाटला. ज्या मंगळवारी ते घडलं, त्या आरतीत माझं लक्ष देवीकडं नव्हतंच. वरणात मीठ घातलं की राहिलं, या विचारात मी उभी होते.

आमचं गाव नळदुर्गापासून दोन कोसांवर. निजामाचं राज्य होतं. घरात मालक, आमची लहान लेक आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या तुळजापूरच्या आईच्या आराधी, गळ्यात कवड्यांची माळ. मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लीतल्या बायका आमच्याकडं आरतीला जमत. घरची रीत अशी, की आरती सुनेनं करायची आणि तीही हातावर. तळहातावर विड्याचं पान, पानावर कापूर, आणि चटका बसू लागला की पान ताटात सोडायचं. कोण किती वेळ धरते यावर बायका तिची भक्ती जोखत. मी आपली पहिल्या कडव्यालाच सोडून मोकळी होणारी. त्यावरून आत्याबाईंची बोलणी बारा महिने खाल्लेली.

त्या मंगळवारी आरती संपली तरी पान माझ्या डाव्या हातावरच होतं. पान करपलं होतं, कापूर जळून गेला होता, आणि मला काही कळलंच नव्हतं. एका बाईनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मग दुसरीनं. दुसऱ्या दिवशी करंगळीखाली टपोरा फोड आला, तोही दुखला नाही. आत्याबाईंनी त्याला आईनं उमटवलेली खूण म्हटलं. पुढं शेजारच्या गावांतून बायका येऊ लागल्या, आणि जी सासू मला उठता-बसता टोमणे मारायची, ती माझ्याआधी ताटावर बसेना. मला ते आवडू लागलं होतं हे कबूल करायला हवं. पण झोपताना मनात यायचं, मीच का? माझ्याहून भाविक बायका या गल्लीतच चार होत्या.

दिवाळीनंतर लेकरांना देवी टोचायला सरकारी माणूस आला. म्हातारे मुसलमान गृहस्थ, तट्टावरून गावोगाव फिरायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. आमच्या लेकीला टोचून झालं तेव्हा आत्याबाईंनी मोठ्या अभिमानानं त्यांना कापराची हकिकत सांगितली. चाचा हसले नाहीत की हात जोडले नाहीत. माझ्या हाताकडं बघत राहिले. मग कोपराजवळ एक फिकट चट्टा होता, तो कधीपासून आहे असं त्यांनी विचारलं. गजकर्ण असेल म्हणून मी त्याला गंधक लावत होते.

परक्या बाईचा हात कसा धरावा, म्हणून त्यांनी अंगणात पडलेलं कोंबडीचं पीस उचललं. आत्याबाईंना शेजारी बसवलं आणि मला डोळे मिटायला सांगितलं. पीस लागलं की सांगायचं, एवढंच. मी डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला. म्हातारा माणूस, पीस साफ करत असेल असं वाटून मी म्हटलं, "चाचा, लावा की."

"झालं बेटी," ते म्हणाले. "पाचदा लावलं."

मी डोळे उघडले तर आत्याबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. चाचा हळू आवाजात बोलले. रगतपितीची, म्हणजे महारोगाची ही सुरुवात असू शकते, अंगाला कळेनासं होतं ते सगळ्यात आधी, बोटं वाकतात ती फार नंतर. सोलापूरला यावर सुई देणारे डॉक्टर आहेत. आपल्या जन्मदात्या आईचं हेच दुखणं वेळेवर कुणी ओळखलं नाही, असंही ते म्हणाले. आत्याबाई उसळल्या. आईची खूण तुम्हाला रोग दिसती का, असं म्हणून त्यांनी चाचांना उठवलं. ते निमूट उठले, आणि तट्टावर बसताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमच्या आईचीच मेहरबानी समजा. कापूर जळला, म्हणून दिसलं."

ते पुढचे आठ दिवस मला नीट आठवतही नाहीत. एक मन म्हणायचं, देवीवर शंका घेतेस म्हणून हे भोगशील. दुसरं म्हणायचं, आज पाया पडणाऱ्या याच बायका उद्या आपल्याला वेशीबाहेर खोपट बांधून देतील. लेकीला जवळ घ्यायला मी भ्यायले. देवीपुढं बसले तर काय मागावं तेच सुचेना. हात बरा कर म्हणावं, तर कृपाच परत घे म्हटल्यासारखं होत होतं.

मंगळवार आला. सकाळीच आत्याबाईंनी देवघराचं दार लोटलं आणि पदराआडून एक पीस काढलं. म्हणाल्या, डोळे मीट. मी मिटले. उघडले तेव्हा माझ्या हातावर पाण्याचे थेंब दिसले. ते त्यांच्या डोळ्यांतले होते, आणि पडताना मला कळले नव्हते.

त्याच आठवड्यात मालकांना विश्वासात घेऊन आम्ही सोलापूर गाठलं. गावात सांगितलं, मावशी आजारी आहे. डॉक्टरांनी तोच खेळ कापसाच्या बोळ्यानं केला, मग गरम आणि गार पाण्याच्या नळ्या लावल्या, कोपरामागची शीर दाबून बघितली. कडू कवठाच्या तेलाच्या सुया सुरू झाल्या. त्या चट्ट्याभोवती देत, आणि कडेला जिथं कळत होतं तिथं जीव जायचा. डॉक्टरांनी बजावलं, चट्ट्याच्या कडेनं शाईची रेघ ओढा आणि तो रेघेबाहेर जातो का ते दर आठवड्याला पाहा. मालकांच्या दुकानातली दौत देवघरात आली. दर मंगळवारी आत्याबाई आधी शाई, मग पीस, मग कुंकू असं करत. त्यांची पूजा आणि माझी तपासणी यात मला फरक करता येईना.

पण संध्याकाळच्या आरतीचं काय करायचं? हात अजून सुन्नच होता, आणि बायका तर चमत्कार बघायला बसलेल्या. सोलापूरहून आल्यावर पहिल्याच मंगळवारी मी पान उचलायला वाकले, तोच आत्याबाईंनी ते माझ्या हातून काढून घेतलं. "आईनं औंदा मला सांगितलंय," एवढंच त्या म्हणाल्या आणि कापूर स्वतःच्या तळहातावर ठेवून पेटवला. त्यांच्या हाताला सगळं कळत होतं. आरती संपेपर्यंत त्यांनी पान सोडलं नाही. मानेच्या शिरा ताठ झाल्या, आवाज मात्र हलला नाही. बायका त्यांच्या पाया पडल्या, माझ्याकडं कुणाचं लक्षही गेलं नाही. आत जाऊन मी त्यांच्या हाताला कोरफड लावली, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या रडल्या. पुढच्या मंगळवारी त्यांनी ती रीतच मोडली. आरती ताटातच करायची, आईची तशी इच्छा आहे, असं त्यांनी जाहीर केलं.

दोन वर्षं सोलापूरला फेऱ्या घालून सुया घेतल्या. चट्टा रेघेबाहेर गेला नाही. आणि एका सकाळी भाकरी उलटताना तव्याची कड डाव्या हाताला करंगळीखाली लागली. मी ओरडून हात झटकला. आत्याबाई ओसरीवरून धावत आल्या. त्यांनी माझा हात उजेडात धरला, लाल झालेली जागा बोटानं दाबली आणि विचारलं, "दुखतंय?"

"लई दुखतंय, आत्याबाई," मी म्हटलं. त्या तिथंच चुलीपुढं बसल्या आणि त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. तव्यावरची भाकरी करपून गेली.

चाचा पुन्हा आमच्या भागात आले नाहीत. त्यांना सांगायचं राहून गेलं. कृपा नेमकी कशात होती, न लागलेल्या चटक्यात, चाचांच्या पिसात की आत्याबाईंच्या भाजलेल्या हातात, हे मला आजही नीट उलगडलेलं नाही, आणि आता मी ते उलगडायला बसतही नाही. देवीपुढं मागणंही मी सोडलं आहे. मंगळवारी आरती झाली की डोळे मिटते आणि डावा हात तिच्यापुढं धरते. घरात कोणी असलं तर त्याला पीस लावायला सांगते. लागलं, की लागलं म्हणते.