सकाळी काय खाल्लं ते सांगा

नगरच्या कोर्टात हौसेने जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकी सगळे तारखेला जातात, तो सणाला गेल्यासारखा जायचा. दुष्काळाच्या त्या वर्षांत आम्ही दोघं कॉलेजात होतो. लोकांना कोर्टाची भीती वाटू नये, असं तिथल्या एका न्यायाधीशांच्या मनात आलं आणि मराठी-इंग्रजी दोन्ही बोलणारे दोन विद्यार्थी गाईड म्हणून नेमले गेले. एक मी, दुसरा हा डोंगरातल्या राजूरकडचा. छातीवर लाल फीत लावायची आणि शाळेच्या सहलींना, दुष्काळी कामं बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांना इमारत दाखवायची. तेच जिने, तीच वाक्यं, दिवसातून पाच-सहा वेळा. दुपारपर्यंत माझे पाय भरून यायचे. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मला ताई म्हणायचा आणि विचारायचा, "ताई, दमलात व्हय?" मला त्याचा रागच यायचा.

त्याची इंग्रजी फेरी बारा मिनिटांत उरकायची. मराठी फेरीला मात्र अंत नव्हता, कारण समन्स हातात घेऊन भांबावलेला कोणीही दिसला की तो त्याला फेरीत ओढायचा. पाण्याचा माठ कुठे, पुकारा झाल्यावर कोणत्या दाराने शिरायचं, वकील ओरडला तरी बघायचं न्यायाधीशांकडे, हे सगळं सांगून मधल्या सुट्टीत तो त्यांना रिकाम्या कोर्टात न्यायचा आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचा. नवे जोडे घालून चार पावलं टाकावीत, तसा पिंजरा एकदा घालून बघायचा, असं त्याचं म्हणणं. खटल्याबद्दल अवाक्षर काढू द्यायचा नाही. तो नियम त्याने कधी मोडला नाही. "खटल्याचं काय बोलायचं न्हाई. सकाळी काय खाल्लं ते सांगा, मोठ्यानं." मग रिकाम्या खुर्चीला उद्देशून बाया-माणसं पिठलं, कांदा, शिळी भाकरी अशी साक्ष देत. एका पहिलवानाने तर अर्धा तास घेतला.

राजूरकडचीच एक म्हातारी होती. तिच्या वावरावर दिराने आपली वहिवाट सांगितली होती. दोन तारखांना ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटला नाही. तिसरी तारीख शेवटची, असं न्यायाधीशांनी बजावलं होतं. नेमके त्याच दुपारी पाच परदेशी पाहुणे आले. पाळी त्याची होती. मी डबा उघडून बसले होते. त्याने जिन्यावर पाहुण्यांना इंग्रजीत अर्धं वाक्य सांगितलं, खाली म्हातारी दिसली, आणि ते वाक्य तिथेच सोडून तो खाली उतरला. डबा बंद करून मी उठले. पाहुण्यांनी रिकाम्या कोर्टाकडे जाऊ नये म्हणून मी त्यांना कोर्टाची व्यवस्था बघणाऱ्या नाझरांचं ऑफिस दोनदा दाखवलं. दुसऱ्यांदा नाझरांनी चष्म्यावरून बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

सुट्टीनंतर पाहुणे मागच्या बाकावर बसले, मी शेजारी. म्हातारीला शपथ दिली. वकिलाने नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. राजूरकडचा तो दाराशी उभा होता, छातीवरची फीत मुठीत धरून. मग तिने न्यायाधीशांकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सकाळी नागलीची भाकर खाल्ली. अन् मिरची."

कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठल्या वावरातली नागली?"

"माज्याच की. दुसऱ्या कुनाची खाऊ? परवाच्या सालची, कनगीत ऱ्हायलेली."

मग ती थांबलीच नाही. बांध कोणी घातला, रोपांसाठी राब कोणी भाजला, दीर त्या साली कुठे होता, सगळं आलं. पलीकडचा वकील दोनदा उठला आणि दोनदा बसला. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी इंग्रजीत एवढंच सांगितलं की साक्षीदार आपल्या जेवणाबद्दल बोलते आहे, आणि ते महत्त्वाचं आहे.

पाहुण्यांना वाऱ्यावर सोडलं म्हणून नाझरांनी संध्याकाळी त्याची फीत काढून घेतली. त्याने ती नीट घडी करून दिली. जाताना मला म्हणाला, "उद्या पारनेरचे दोघं साक्षीला येनार हायेत, ताई. मधल्या सुट्टीत पिंजरा रिकामाच असतो." मी हो म्हटलं नाही. पाय ठणकत होते. पण परीक्षेपर्यंत रोज मधल्या सुट्टीत मी ते काम केलं, त्याच्यासारखं जमलं नाही तरी. माझ्यापुढे लोक दोन शब्दांत जेवण संपवायचे.

दीड वर्षाने निकाल म्हातारीच्या बाजूने लागला. तोवर त्याने कॉलेज सोडलं होतं, आणि कळवायला माझ्याकडे पत्ता नव्हता.

मागच्या वर्षी शाळेच्या एका प्रकरणात मला त्याच कोर्टात साक्षीला जावं लागलं. मुख्याध्यापिका आहे, रोज चारशे मुलींपुढे बोलते. तरी समन्स चार वेळा वाचून काढलं. मधल्या सुट्टीत कोर्टात कोणी नव्हतं. मी पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला मोठ्याने सांगितलं, पोहे खाल्ले, मीठ कमी होतं. मग दाराकडे बघितलं. उगीचच.