पिंजऱ्यांना घातलेली अट

माझ्या विद्यार्थिनीचं गणित चुकलं आहे, असं मी विद्यापीठाच्या समितीला लिहून दिलं. चुकलं होतं माझं, आणि सही करताना मला ते माहीत होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचो. माझ्याकडे पीएचडी करणारी ती पहिलीच. साठ कार्बन अणूंचे चेंडूसारखे पोकळ पिंजरे प्रचंड दाबाखाली टिकतात की मोडतात, हे आम्ही संगणकावर पाहत होतो. भारनियमनात रोज वीज जायची आणि चालू गणित मध्येच तुटायचं. म्हणून सगळे पिंजरे एकसारखे, गोलच राहतील अशी अट मी गणितात घातली. काम लहान झालं, वीज जायच्या आत संपू लागलं. पिंजरे टिकले. त्यावर माझा शोधनिबंध छापून आला आणि त्याच्याच जोरावर मी बढतीचा अर्ज केला.

ती म्हणाली, "सर, आपणच त्यांना हलू देत नाही आणि मग लिहितो की ते हलत नाहीत."

"आधी पीएचडी घे, मग मला शिकव."

तिचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. तिथल्या वसाहतीत वीज सहसा जात नसे. घरच्या संगणकावर तिने अट काढून तेच गणित अकरा दिवस चालवलं; त्या खोलीत कुणाला झाडूही मारू दिला नाही. पिंजरे आधी चपटे झाले, मग एकमेकांना जोडले गेले आणि शेवटी फुटले.

तिने कागद माझ्या टेबलावर ठेवले. मी ते दोनदा वाचले; चूक सापडली नाही. त्याच आठवड्यात मी समितीला ते पत्र पाठवलं. तिची पीएचडीची मुदत संपत आली होती; पत्रामुळे तिला मुदतवाढ मिळाली नाही. मला बढती मिळाली.

पुढे कॉलेजात चांगला संगणक आला. दार लावून घेऊन मी ती अट काढली. पिंजरे फुटले, तिने लिहिलेल्या दाबालाच. त्यानंतरही मी दोन वर्षं गप्प राहिलो.

मग एकदा चांदवडला गेलो. ती तिथे ज्युनिअर कॉलेजात शिकवत होती. स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसली होती. मला पाहून उठली नाही.

"काय सर, अजून टिकलेत का पिंजरे?"

बाकीचे शिक्षक बघत होते. मी उभाच राहिलो.

"नाही. तुझं गणित बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी समितीला खोटं लिहिलं. तुझी पीएचडी माझ्यामुळे गेली. मला माफ कर."