फोटोत न आलेलं हसू

नाशिकच्या भांडीबाजारात मी तांब्याची कळशी बघत उभी होते. समोरच्या जुन्या लाकडी दारापाशी साठीतले एक काका-काकू जुन्या काळच्या थाटात फोटो काढून घेत होते. काका काळा कोट-टोपी घालून खुर्चीत ताठ बसलेले, शेजारी नऊवारीतल्या काकू उभ्या. कॅमेरा त्यांच्या मुलीच्या हातात होता.

"लग्नात आमचा फोटोंचा रोल कोराच निघाला," काकू मला आपणहून म्हणाल्या. "म्हणून लेकीनं हा घाट घातलाय."

"आई, बोलू नकोस ना! आणि हसूही नकोस. जुन्या फोटोत कुणी हसत नाही."

खरंच, आमच्या घरच्या जुन्या फोटोंतही सगळे गंभीरच. लहानपणी मला वाटायचं, ही माणसं कधी हसतच नसतील. पण फोटोपुरता श्वास रोखून धरल्यावर, पुढच्याच क्षणी कुणीतरी फिस्सकन हसलं असणारच. तेवढं मात्र भिंतीवर लागलं नाही.

"झालं का?" काकांनी ओठ न हलवता विचारलं.

काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं, लग्नात भटजींनाही यांनी हेच विचारलं होतं!"

लेकीनं कॅमेरा खाली घेतला नाही.