हुबळीची दोन तिकिटं

"आहेस ना?"

माझ्या खालच्या, तिसऱ्या मजल्यावरून हा प्रश्न दर अर्ध्या तासाने यायचा, आणि त्याच घरातल्या स्वयंपाकघरातून ठरलेलं उत्तर जायचं, "आहे हो, जाते कुठे!" आमच्या धायरीच्या सोसायटीत नवा पाहुणा आला की त्याला वाटायचं, खाली काहीतरी बिनसलंय. आम्हाला सवय झाली होती. तुमच्याही इमारतीत असं एखादं घर असेलच, की ज्याच्या आवाजावर तुम्ही घड्याळ लावता.

खालचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ट्रंक कॉलच्या काळात त्यांनी तीस वर्षं लाइनी जोडल्या. "लाइन जोडून दिली की काम संपत नाही," ते सांगायचे. "मधूनमधून विचारत राहायचं, आहात ना? नाहीतर लाइन मेलेली कळत नाही." मग एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, आणि काका आपला प्रश्न घेऊन घरी आले. मोबाइल मात्र त्यांनी घेतला नाही. "आयुष्यभर लोकांचं ऐकलं. आता बास."

वर्षातून एकदा दोघं आगगाडीने कुठल्यातरी शहरात चार दिवस जायचे. बागेत बसायचं, काही न घेता बाजार हिंडायचा, दुपारी झोपायचं. अट एकच, त्या शहरात ओळखीचं कोणी नको. पुण्याच्या माणसाला असं शहर सापडणं महाकठीण. इंदूर आणि बडोदा नातेवाइकांनी बाद केलेली. हैदराबाद, बंगळूर आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांनी. त्या वर्षी उरलं हुबळी.

"पण हुबळीला पाहायला काय आहे?" मी विचारलं.

"आमच्या ओळखीचं कोणी नाही. याहून प्रेक्षणीय काय असतं?"

मी मूळचा अकोल्याचा, हिंजवडीच्या कंपनीत प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या नोकरीवर. काका मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय संगणक?" म्हणायचे. त्यांना स्टेशनवर रांगेत उभं राहू द्यायचं नाही, असं मी मोठ्या रुबाबात ठरवलं आणि ऑफिसात बसून त्यांची तिकिटं काढली. हुशारी अशी की वेळ वाचावा म्हणून संगणकावर दोन खिडक्या एकदम उघडल्या. एकीत काका, दुसरीत काकू. छापलेले कागद न बघताच लिफाफ्यात घातले आणि लिफाफा थेट निघायच्या दिवशी सकाळी, पुणे स्टेशनच्या फलाटावर, काकांच्या हातात ठेवला.

काकांनी चष्मा वर करून कागद वाचले. मग शांतपणे म्हणाले, "संगणक, आम्ही घटस्फोटाचं तिकीट मागितलं नव्हतं."

काकूंची जागा पुढे एसीच्या बी-एक डब्यात होती. काकांची मागे, स्लीपरच्या एस-नऊमध्ये. मधलं दार कुलूपबंद, गाडी भरलेली, टीसीने हात वर केलेले. काकू हसून म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा एकटीने खिडकीत बसेन." काका हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशावर हात दाबला.

त्या खिशात कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी असायची. "हिच्या गोळ्या," त्यांनी मला मागे एकदा सांगितलं होतं. "हिचं हृदय नाजूक आहे. दुखलं की जिभेखाली ठेवायची. ती कुठेतरी ठेवून विसरते, म्हणून माझ्याकडे."

काकूंना बसवून आम्ही एस-नऊपाशी आलो. बॅग वर चढवताना काकांनी चष्मा आणि डबी माझ्या हातात दिली. "धरा जरा." तेवढ्यात माझा फोन वाजला. अमेरिकेत कोणाचं तरी काहीतरी बंद पडलं होतं. माझं सगळं लक्ष त्या अमेरिकेत. चष्मा परत दिल्याचं आठवतं. गाडी हलली, मी हातही हलवला, आणि वाहनतळावर किल्लीसाठी खिसा चाचपला तर हातात किल्लीऐवजी काळी डबी आली.

आता मांडणी बघा. हृदयाची रोगी बी-एकमध्ये, तिच्या गोळ्यांचा राखणदार एस-नऊमध्ये आणि गोळ्या माझ्याकडे, मोटरसायकलच्या स्टँडवर. दोघांपैकी कोणाकडे फोन नाही. पुढचा मोठा थांबा सातारा.

मी सुटलो. कात्रज चढताना साहेबाचा फोन आला, खंबाटकी चढताना पुन्हा आला. दोन्ही घाटांत मला एकच दिसत होतं, बंद काचेआड काकू मान टाकून बसलेल्या आणि शेजारच्या प्रवाशाला वाटतंय, झोप लागली. साताऱ्यात पोचून मी ऐटीत गावात शिरलो. स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, हे मला एका पानवाल्याने सांगितलं. वर म्हणाला, "गाडी यायचा टाइम झालाय. पळा!"

फलाटावर पोचलो तेव्हा गाडी थांबतच होती. पार शेपटाकडून काका उतरले आणि पुढे येऊ लागले. धावत नव्हते, पण त्यांना चालणंही म्हणता येत नव्हतं. बी-एकच्या खिडकीशी पोचले आणि काचेवर थाप मारली.

"आहेस ना?"

एसीची ती काळी काच. आतलं काही दिसेना, आवाज जाईना की येईना. "आहेस ना?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि कपाळ काचेला टेकवलं. मग आतून कोणीतरी दोनदा टकटक केली. काका वळले. त्यांचा हात खिशावर गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याची राख झाली होती.

"काका, माझ्याकडे आहे!" मी डबी दाखवत पोचलो. "चुकून राहिली. थांबा, काकूंना आत नेऊन देतो."

त्यांनी माझं मनगट धरलं. बाकावर बसले, डबीचं झाकण दातांनी उघडलं आणि गोळी स्वतःच्या जिभेखाली ठेवली.

कधीकधी जिन्यात हृदयाची रोगी दोन्ही पिशव्या घेऊन भराभर वर जायची आणि धडधाकट माणूस प्रत्येक मजल्यावर थांबून दारांवरच्या पाट्या वाचत उभा राहायचा. हे मी तीन वर्षं पाहत होतो. चुका शोधायचा पगार घेत होतो.

"तिला सांगायचं नाही," काका म्हणाले. "डॉक्टर ऑपरेशन म्हणतोय. मी म्हटलं, बघू."

"काका, उतरा इथेच. दवाखान्यात जाऊ."

"इथे कसा उतरू? साताऱ्यात ओळखीचे निघालात तुम्ही."

शिट्टी झाली. मी त्यांना बी-एकमध्येच चढवलं. टीसी काय म्हणेल ते म्हणो.

पाचव्या दिवशी दोघं परत आली, धारवाडचे पेढे घेऊन. पेढे द्यायला काकू एकट्या वर आल्या आणि दार लोटून घेतलं.

"मिरजेपर्यंत माझ्या पायाशी बसून आले. टीसी भला होता," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "त्या काचेतून बाहेरच्याला आतलं दिसत नाही रे. आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं."

मी अर्धा पेढा तसाच खाली ठेवला.

"त्यांना बोलू नकोस. मला कळलंय हे कळलं, तर पुढच्या वर्षी मला कुठे नेणार नाहीत. ऑपरेशनचं मी बघते. हळूहळू वळतील."

म्हणजे आता माझ्याकडे दोन गुपितं होती, एकाच घरातली, एकमेकांपासून लपवलेली. पोटात काही न राहणारा माणूस मी. भाजीवाल्यालाही आमच्या कंपनीची अंदरकी बात सांगून मोकळा होतो. पण हे सांगितलं नाही. हे न सांगणं माझ्या घोडचुकांमध्ये कितव्या नंबरवर घालायचं, ते अजून ठरवता आलेलं नाही. जिन्यात भेटले की काका ओठांवर बोट ठेवायचे. काकूही ठेवायच्या. मी पाट्यांकडे बघायचो.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मला घरात दुसरं काही सुचेना. अर्धा तास होत आला की मी टीव्हीचा आवाज बारीक करायचो. "आहेस ना?" खालून यायचं. मी आवाज मोठा करायचो.

पुढच्या वर्षीचं शहर जबलपूर ठरलं. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "येऊन ऑपरेशन करून घेतो, असं डॉक्टरांना म्हणालेत. लोकांना मात्र सांगतात, हिच्या हृदयासाठी पैसे ठेवलेत!" या वेळी मी एकच खिडकी उघडली. डबा एक, जागा एक आणि चार, दोन्ही खालच्या, समोरासमोर. चार वेळा तपासलं. रविवारी सकाळी छापलेला कागद घेऊन जिना उतरायला लागलो.

अर्ध्या जिन्यात काकूंचा आवाज आला. "आहे हो, जाते कुठे!"

मी हसलो. दोन पायऱ्या उतरलो, आणि लक्षात आलं की त्याआधी प्रश्न ऐकू आला नव्हता.

मी थांबलो. खाली कुकरची शिट्टी झाली. मग काकू पुन्हा म्हणाल्या, थोडं मोठ्याने, "आहे हो मी! जाते कुठे!"

मग त्यांनी गॅस बंद केला. तोही ऐकू आला, इतकं सगळं शांत झालं होतं.

हातातल्या कागदावर दोन नावं एकाखाली एक होती. मला खाली धावायला हवं होतं. मी जिन्यातच उभा राहिलो आणि दारांवरच्या पाट्या वाचू लागलो.